किंक्रांतीचा सामना

सोलापूर, नवी पेठ
ता. ९ जुलै १९२८

तीर्थस्वरूप मामंजींच्या चरणी सरोजिनीचा नमस्कार.

अक्षर ओळखीचे नाही म्हणून आपण पाकीट उलटसुलट करून पाहिले असेल. मी आपली सून. दोन वर्षांपूर्वी मुंबईत माझ्या काकांनी आमचे लग्न लावून दिले, तेव्हा सांगोल्याला पत्रिका पाठवली होती. आपण आला नाहीत, सासूबाईही आल्या नाहीत. त्यामुळे मी आपल्याला पाहिलेले नाही आणि आपण मला. बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये म्हणतात, पण पत्र कुणाबद्दल आहे याचा घोळ नको म्हणून एकदाच लिहिते: चिंतामणी. यापुढे 'हे'.

आपला राग मला ठाऊक आहे. ज्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या देवीची पूजा, त्या घरातल्या मुलाने बारा जातींच्या पोरांत कातड्याचा चेंडू लाथाडावा, हे आपल्याला सोसले नाही. चामडे तुडवणारा पाय देवळाची पायरी चढणार नाही असे आपण म्हणालात आणि हे घराबाहेर पडले. त्या वादात मी पडत नाही. मी नुसता नवा पत्ता कळवायला बसले आहे. मुंबई सोडून आम्ही सोलापूरला आलो. मला इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची जागा मिळाली आहे. दोन खोल्या आहेत, नळ अंगणात आहे, शेजार चांगला आहे.

पत्ता कळवून झाला. इथे थांबायला हवे, पण पाठकोऱ्या कागदाची एक बाजू शिल्लक आहे, म्हणून लिहिते. परळच्या एका गिरणीने ह्यांना आपल्या फुटबॉलच्या संघासाठी घेतले होते. नाव कारकुनाचे, काम खेळण्याचे. सकाळी दोन कागदांवर सह्या केल्या की दुपारी मैदान. लग्नाआधी मी हा खेळ पाहिलाही नव्हता. पहिल्यांदा गेले ती काकूंच्या मागून, नाक मुरडत. पण मामंजी, आपला मुलगा पळतो कसा हे आपण कधी पाहिले आहे का? समोर गोऱ्या पलटणीचा संघ होता, बुटांवर. आमचे सगळे अनवाणी. चिखल असा की चेंडू दिसेना. ह्यांनी तो दोघा गोऱ्यांच्या मधून असा काढून नेला की ते दोघे एकमेकांवर आपटले, आणि गोलरक्षक डावीकडे झेपावला तेव्हा चेंडू उजवीकडे जाळ्यात जाऊन पडलाही होता. मी उभी राहून ओरडले. काकूंनी माझा पदर ओढून मला खाली बसवले. तेव्हापासून एकही सामना मी चुकवला नाही.

मुंबई का सोडली असे आपण विचाराल. हवा मानवेना. ह्यांचा पाय जरा दुखतो. पावसाळा आहे, होईल बरा.

सासूबाईंना नमस्कार.

सौ. सरोजिनी


सोलापूर
ता. २ सप्टेंबर १९२८

तीर्थस्वरूप मामंजींस नमस्कार.

आपले उत्तर आले नाही. पत्र परतही आले नाही, म्हणजे मिळाले. तेवढ्यावर मी पुन्हा लिहिते आहे.

पाय जरा दुखतो असे मी लिहिले होते. ते तसे नाही. एप्रिलात एका सामन्यात चेंडूसाठी हे आणि समोरचा गडी एकाच वेळी झेपावले. त्या गड्याची चूक नव्हती, हे स्वतः तसे सांगतात. पण गुडघ्याची वाटी सरकली आणि आतली शीर तुटली. मी मैदानाच्या कडेला होते. चार जणांनी ह्यांना उचलून नेले तेव्हा हे माझ्याकडे बघून हसले, म्हणून मला वाटले फार लागले नसावे. दवाखान्यात दीड महिना गेला. गिरणीने महिनाभर वाट पाहिली, मग साहेबाने बोलावून सांगितले की बसणाऱ्या कारकुनांची आम्हाला गरज नाही. म्हणून सोलापूर.

इथे आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवा म्हटले की जेवत, नाहीतर नाही. मी शाळेतून येई तेव्हा सकाळी ज्या कुशीवर सोडले त्याच कुशीवर. मला दया यायला हवी होती, पण राग आला. आणि त्या रागात मला एक सुचले. मी तांबड्या हरभऱ्याचे आणि तुरीचे अकरा अकरा दाणे जमिनीवर टाकले आणि म्हटले, "ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून कळलेले नाही. समजावून सांगा, नाहीतर मी शेजारच्या वकिलांना विचारते."

हे वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले की वकिलांना कळत नाही.

मी दाणे उगाच कसेही मांडले. हरभऱ्याचे पाच दाणे नेऊन तुरीच्या गोलात बसवले आणि मोठ्याने म्हटले, "झाला गोल." तेव्हा मात्र राहवले नाही. "अहो, असं कसं," म्हणत हे कोपरावर उठले, मग बसले, मग दुखरा पाय हातांनी उचलून खाली जमिनीवर आले. पूर्वी पुढच्या गड्याच्या आणि गोलाच्या मध्ये समोरची तीन माणसे लागत, तीन वर्षांपूर्वी नियम बदलला, आता दोन पुरतात. म्हणून सगळ्या खेळाचा वेग कसा वाढला, हे सगळे त्यांनी मला दाणे हलवून दाखवले. पाट मांडायला जागा उरली नाही म्हणून आम्ही जेवलो चुलीपाशी. जेवताना हे म्हणाले, "वैद्याला विचार, काठी कधी घेऊ."

मामंजी, आता काठी घेतली आहे. अंगणापर्यंत जातात. आज नळापर्यंत गेले.

सरोजिनी


सोलापूर
ता. १७ फेब्रुवारी १९२९

तीर्थस्वरूप मामंजींस नमस्कार.

आज शाळेच्या वह्या तपासायच्या सोडून पत्र लिहिते आहे, कारण ही बातमी कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझा हात वह्यांवर चालणार नाही. हे पळू लागले.

पळू लागले म्हणजे खरोखर पळतात. दिवाळीनंतर काठी सुटली. मग रोज पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठाने चालणे, मग भरभर चालणे. मध्यंतरी गुडघ्यात पाणी झाले, पुन्हा पंधरवडाभर अंथरूण. मला वाटले आता पुन्हा भिंत. पण ह्या खेपेला पडल्या पडल्या हे पाय वर-खाली करत राहिले, पायाला तांदळाची पुरचुंडी बांधून. तेल लावायला आमच्याकडे शिवलिंगप्पा म्हणून तालमीतले एक वस्ताद येतात. ते रगडू लागले की हे दात आवळून घेतात आणि वस्ताद कानडीत काहीतरी ओव्यांसारखे म्हणत राहतात. संक्रांतीनंतर तळ्याच्या काठी पहिल्यांदा धावले. मी मागून लुगडे सावरत चालले होते, ते पुढच्या वळणावर दिसेनासे झाले आणि मी तिथेच कट्ट्यावर बसून रडले.

इथे सोन्नलगी क्लब म्हणून एक फुटबॉलचा संघ आहे. भुसार बाजारातले चन्नप्पा त्याचे कप्तान. अंगाने दार अडवणारे, बोलायला मोकळे. त्यांनी ह्यांना तळ्यावर पाहिले, ओळखले, आणि घरी येऊन बसले. म्हणाले, "मुंबईचं एवढं मोठं माणूस आमच्या गावात आणि आम्ही शोधतोय कुटं. पुढच्या रविवारी गिरणीवाल्यांशी सामना हाय. तुमी नुसतं उभं राहा की, बाकी आमी बघतो."

नुसते उभे राहतील ते आपले चिरंजीव कसले. रविवारची वाट मी ह्यांच्याहून अधिक पाहते आहे. निकाल लगेच कळवीन.

सरोजिनी


सोलापूर
ता. १४ मार्च १९२९

तीर्थस्वरूप मामंजींस नमस्कार.

लगेच कळवीन म्हटले होते. कळवले नाही.

हे उत्तम खेळले. मध्यंतराच्या आधी एक गोल केला आणि लोकांनी टोप्या उडवल्या. मध्यंतरानंतर उजव्या बाजूने पळता पळता हे झटक्यात आत वळले आणि जागच्या जागी बसले. कुणी धक्का दिला नाही, कुणी जवळही नव्हते. टांग्यातून घरी आणले. सिव्हिल सर्जनने गुडघा दाबून पाहिला आणि सांगितले की माणूस चालेल, सरळ रेषेत धावेलही, पण वळणे ह्या गुडघ्याला आता नाही. आणि फुटबॉल म्हणजे वळणेच.

टांग्यात मी ह्यांना म्हटले की पुन्हा तेल लावू, पुन्हा तळ्यावर जाऊ. हे म्हणाले, "नाही, सरोजिनी. खेळायचं संपलं. हे मला आतून कळलंय." रडले नाहीत. भिंतीकडे तोंडही फिरवले नाही. त्याचीच मला अधिक भीती वाटते.

आज मला अधिक लिहिता येत नाही.

सरोजिनी


सोलापूर
ता. २५ ऑगस्ट १९२९

तीर्थस्वरूप मामंजींस नमस्कार.

इतके महिने पत्र नाही म्हणून आपल्याला बरे वाटले असेल असे मी समजून होते. पण गेल्या आठवड्यात आपल्याकडच्या फुलाबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. तुपाची बरणी घेऊन लेकीकडे इथल्या गिरणीच्या चाळीत आल्या होत्या, सासूबाईंनी आमचा पत्ता दिला म्हणाल्या. बरणी खाली ठेवायच्या आधीच सांगू लागल्या, "म्हातारं लई रागीट. पर तुझा कागुद आला की दोनदा वाचतंय. एकदा मनात, एकदा मोट्यानं. म्हातारीला वाचून दाखवत न्हाय म्हनतंय, पर तिला ऐकू जाईल असंच वाचतंय. औंदा उन्हाळ्यात कागुद न्हाय म्हनून टपालवाल्याशी भांडलं की."

मामंजी, टपालवाल्याची चूक नव्हती. आता ऐका. आणि मोठ्याने वाचत असाल तर सासूबाईंनीही ऐकावे.

जूनपासून ह्यांना एका हायस्कुलात ड्रिलमास्तरची जागा मिळाली. पांढरा सदरा, पांढरी पाटलोण, सकाळी मैदानावर मुलांच्या रांगा. काम मन लावून करत, पण घरी आले की गप्प. मग जुलैत चन्नप्पांच्या क्लबाचा गिरणीच्या संघाशी सरावाचा सामना होता. हे कडेला बसून बघत होते. एका गोलावरून भांडण पेटले. पंच म्हणून उभा केलेला गृहस्थ घाबरून निघूनच गेला. तेव्हा दोन्हीकडचे लोक ह्यांच्याकडे आले. चन्नप्पा म्हणाले, "मास्तर, तुमी सांगा. गोल का न्हाय?" हे उठले, अंगरखा झटकला आणि म्हणाले की गोल नाही, चन्नप्पा ऑफसाइड होते.

चन्नप्पा दोन दिवस आमच्या गल्लीतून गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, पुढच्या सामन्याला शिट्टी तुमीच घ्या.

शिट्टी वाजवून घरी आले त्या दिवशी ह्यांचा चेहरा मी सव्वा वर्षाने पाहिला असे म्हणेन. चेंडूच्या मागे सरळ धावायचे, गरगर वळायचे नाही, पण चेंडू कुठे पडणार ते आधी ओळखून तिथे पोचायचे. हे तर ह्यांना येतेच. जेवताना घास हातात धरून बोलत होते. नुसते गल्लीतले पंच होऊन भागणार नाही, पुण्याला रेफरींची परीक्षा असते ती देतो म्हणाले. नियमांचे पुस्तक इंग्रजी. मी पोळ्या लाटत प्रश्न विचारी, हे उत्तर देत, चुकले की मी लाटणे आपटी.

पहिल्या खेपेला पुण्याहून परत पाठवले. चालताना पाय ओढतो हे पाहून परीक्षकांनी तोंडी प्रश्नही विचारले नाहीत. हे आले, जेवले, आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा जातो. पुन्हा गेले. ह्या वेळी म्हणाले की मला प्रश्न नंतर विचारा, आधी एक सामना द्या. पाऊस कोसळत होता, मैदानाचा राडा झाला होता. पूर्ण सामनाभर हे चेंडूच्या मागे राहिले. शेवटी त्या परीक्षकांतलाच एक जण छत्री घेऊन मैदानात आला आणि ह्यांच्या डोक्यावर धरून ह्यांना बाहेर घेऊन गेला. पास झाले, मामंजी. आज तार आली. मी गल्लीत साखर वाटली आणि कशाबद्दल ते विचारणाऱ्यांना धड सांगता आले नाही.

हे आता पंच आहेत. सांगोल्याला तंटा मोडायला लोक आपल्याला पंच म्हणून बोलावतात, असे हे नेहमी सांगतात. तेव्हा हे काम काय असते ते मी आपल्याला सांगायला नको.

सरोजिनी


सोलापूर
ता. ५ जानेवारी १९३०

तीर्थस्वरूप मामंजींस नमस्कार.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची तयारी चालली आहे. यंदा जत्रेत फुटबॉलचा चषक ठेवला आहे आणि आमच्या सोन्नलगी क्लबाने एकामागून एक तीन संघ हरवून अंतिम सामना गाठला आहे. समोर कुर्डुवाडीचा रेल्वेसंघ. गावात दुसरे बोलणे नाही. भाजीवालीसुद्धा मला विचारते की मास्तरीणबाई, चन्नप्पाचं पाऊल बरं आहे ना.

अंतिम सामन्याला पंच कोण यावर दोन दिवस खल झाला. शेवटी रेल्वेसंघाच्या कप्तानानेच ह्यांचे नाव सुचवले. समोरच्या गावाने आमच्या गावचा पंच मागून घेतला, मामंजी. हे घरी येऊन मला सांगताना दोनदा अडखळले.

सामना किंक्रांतीला आहे, दुपारी चारला, किल्ल्यामागच्या मैदानावर. किंक्रांतीला नवे काम करू नये हे आपण जाणता, पण समितीवाल्यांना कोण सांगणार. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या दर्शनाला सगळीकडून लोक येतात. सांगोल्याहून सकाळची मोटार निघते असे फुलाबाई म्हणाल्या. मी हे आपले माहितीसाठी लिहिले. आमंत्रण देणारी मी कोण.

सरोजिनी


सोलापूर
ता. १६ जानेवारी १९३०

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या पायांवर सरोजिनीचा दंडवत.

ह्या वेळी पत्र आपल्याला आहे. मामंजींना लिहायचे कारण उरलेले नाही. ते माझ्यासमोर झोपाळ्यावर बसले आहेत आणि चहा ऊन नाही म्हणून तक्रार करत आहेत. आपल्याला हे पत्र जे कुणी वाचून दाखवत असतील त्यांनी कृपा करून सावकाश वाचावे, कारण मी घाईने लिहिते आहे आणि काल काय झाले ते एका दमात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मामंजी आपल्याला सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातो सांगून निघाले. दर्शन घेतले, धर्मशाळेत राहिले, आणि काल दुपारी किल्ल्यामागच्या मैदानावर जाऊन बसले. मला काहीच ठाऊक नव्हते. मी शाळेतल्या दुर्गाताईंबरोबर मैदानाच्या कडेला एका टांग्यात होते. माणसे इतकी की किल्ल्याच्या तटावर, झाडांवर, हमालांच्या गाड्यांवर, जिकडे तिकडे डोकीच डोकी.

सामना असा झाला की माझ्या हातातला रुमाल मी चावून फाडला. पहिला गोल कुर्डुवाडीचा. मध्यंतरानंतर चन्नप्पांनी मागून चेंडू उचलून दिला आणि आमच्या पोराने डोक्याने आत घातला. बरोबरी. हे पांढऱ्या सदऱ्यात इकडून तिकडे, पाय ओढत पण कधी मागे न पडता. मग अगदी शेवटाला, कुर्डुवाडीच्या गड्याने समोरून चेंडू मारला. गोलरक्षक दुसऱ्या बाजूला पडलेला. चेंडू आत जाणार तेवढ्यात मध्ये चन्नप्पा, आणि चेंडू बाहेर उडाला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतले. गाव वाचले. आणि त्या गलक्यात शिट्टी वाजली.

ह्यांनी हात करून जागा दाखवली. चेंडू चन्नप्पांच्या हाताला लागला होता. रेल्वेसंघाला पेनल्टी. म्हणजे समोर फक्त गोलरक्षक, आणि हवा तसा चेंडू मारायची मुभा.

मग लोक मैदानाभोवतीची दोरी तोडून आत घुसले. हे कधी दिसत, कधी दिसेनासे होत. कुणी म्हणे फितूर, कुणी म्हणे लंगड्याच्या हातात शिट्टी दिली कुणी. एका धिप्पाड माणसाने ह्यांच्या गळ्यातली शिट्टीची दोरी धरली होती. मी टांग्यातून उडी मारली. दुर्गाताई ओरडत राहिल्या. पदर खोचून मी त्या गर्दीत शिरले, पण पुढे जाता येईना.

तेव्हा माझ्या डाव्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ काठीने माणसे बाजूला सारत पुढे गेले. तांबडे पागोटे, खांद्यावर उपरणे, कपाळाला गंध. त्यांच्या काठीला लोक वाट देत होते, का ते त्यांनाही कळले नसेल. मी त्या वाटेने त्यांच्या मागोमाग गेले. सासूबाई, मी त्यांना कधी पाहिलेले नव्हते. पण मागून चाल पाहिली आणि ओळखले. ती चाल मी रोज पाहते. म्हणजे पाय दुखायच्या आधीची.

ते ह्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोरी धरणाऱ्याने दोरी सोडली. बापलेकांनी एकमेकांना आठ वर्षांनी पाहिले ते असे. मामंजींनी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. विचारले, "चेंडू त्याच्या हाताला लागला का?"

"लागला."

"तू स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं."

मग मामंजी लोकांकडे वळले. आवाज चढवला नाही, पण आरतीच्या सवयीचा गळा, सगळीकडे पोचला. "मी सांगोल्याचा वेणीमाधव पुजारी. हा माझा मुलगा. आठ वर्षांपूर्वी मी याला देवीसमोर उभं करून विचारलं, चामड्याच्या चेंडूला शिवलास का. नाही म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता आणि हा आज माझ्या घरात असता. हा 'हो' म्हणाला. ज्यानं घर गेलं तरी खोटं सांगितलं नाही, तो एका गोलासाठी सांगेल असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्यासमोर यावं."

कुणी पुढे आले नाही. मी ह्यांच्याकडे पाहिले. हे जमिनीकडे बघत होते आणि शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. ही गोष्ट ह्यांनी मला कधी सांगितली नव्हती. मला एवढेच ठाऊक होते की भांडण झाले.

इतका वेळ चन्नप्पा गोलाच्या खांबाला टेकून गप्प उभे होते. गाव त्यांचे, भाऊबंद त्यांचे, एक शब्द बोलले असते तर लोकांनी ह्यांना फाडून खाल्ले असते. ते चालत आले. उजवा हात वर केला आणि म्हणाले, "लागला. ह्याच हाताला लागला. शास्त्रीबुवा, मास्तर बरोबर हायेत. बाजूला व्हा रे समदे."

लोक मागे हटले. रेल्वेच्या गड्याने चेंडू ठेवला आणि मारला. आमचा गोलरक्षक बरोबर बाजूला झेपावला, बोटे लागली, तरी गेला आत. हरलो आपण. मी म्हटले होते ना, किंक्रांत.

पण खरे सांगू का, हरल्यासारखे कुणाला वाटलेच नाही. चषक घेताना कुर्डुवाडीच्या कप्तानाने चन्नप्पांना मिठी मारली आणि मग सगळ्या गावाने दोन्ही संघांना खांद्यावर घेतले. मघाशी ज्याने दोरी धरली होती तोच ह्यांना खांद्यावर घ्यायला आला. हे नको नको म्हणत होते. मामंजी म्हणाले, "जपून. त्याचा उजवा गुडघा अधू आहे." सासूबाई, गुडघा कुठला ते मी एकाही पत्रात लिहिलेले नाही. सबंध सामनाभर त्यांनी काय पाहिले ते ह्यावरून समजा.

मी वाकून नमस्कार केला. मामंजींनी विचारले, "तू सरोजिनी?" मी हो म्हटले. "अक्षर चांगलं आहे. पण ऑफसाइड काही तुझ्या पत्रावरून कळलं नाही."

संध्याकाळी घरापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. मला वाटले आता परत फिरतात. हे आत उभे, मी बाहेर. तेव्हा मामंजी म्हणाले, "सुनेनं सासऱ्याच्या घरी यायचं असतं. इथं सासराच सुनेच्या घरी आलाय. या म्हण तरी." मी 'या' म्हटले. ते आत आले.

आंघोळ केली, सोवळे नेसून जेवले. मैदानावर चामड्याचा चेंडू त्यांच्या पायाला लागला होता की नाही ते मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. आज सकाळी चन्नप्पा आले. आता ते आणि मामंजी झोपाळ्यावर बसून वाद घालत आहेत की तोंड वाचवायला हात वर गेला तर तो दोष धरावा की नाही. चन्नप्पा म्हणतात धरू नये. मामंजी म्हणतात धरावा, मग चेंडू कितीही जोरात येवो. नियमांचे पुस्तक त्यांनी मागून घेतले आणि ह्यांना म्हणाले, मराठीत करून दे, इंग्रजी नियम कोण पाळणार. हे खाली बसले आहेत, शाई काढून, आणि लिहीत आहेत. एक कलम झाले की वाचून दाखवतात, मामंजी त्यातला शब्द बदलायला लावतात. मघापासून मी तीनदा भाजी करपवली.

पुढच्या रविवारी हायस्कुलाच्या मैदानावर दोन शाळांचा सामना आहे, पंच हे आहेत, आणि तो पाहिल्याशिवाय निघता येणार नाही असे मामंजींनी ठरवले आहे. पूजेचे आपल्या पुतण्याला बघायला सांगा म्हणाले. त्यांना घेऊन जायला आपण इकडे या, असे ते लिहायला सांगत आहेत.

राहायला या, असे मी लिहिते.

आपली सून,
सरोजिनी